कारणाचा रकाना

शनिवारी रात्री दहानंतर सुरुवात.
आधी मकरपुऱ्याची फॅक्टरी, मग अलकापुरीची कचेरी,
सगळ्यात शेवटी साहेब.
दोन हजार चौदाच्या आधीचं काहीच न्यायचं नाही,
क्लाउडवर जागेचं भाडं पडतं.
भावेशभाई म्हणाले, चालशे.

यादीत एकशे बारा नावं.
त्रेचाळिसावं: एस. गुप्ते, स्टोअर्स.
गुप्ते गेले त्याला सहा वर्षं झाली,
खातं मात्र अजून मेल घेतंय:
बेअरिंगवर सूट, दिवाळीच्या शुभेच्छा,
पासवर्डची मुदत संपत आल्याची सूचना.

उघडून बघायचं नसतं. नुसते आकडे लागतात.
मी आकडेच उतरवत होते:
आलेले अकरा हजार, पाठवलेले चार,
मसुदे एक.
विषय नाही. कुणाला, तेही कोरं.
आकार दोन केबी, फार तर चार-पाच ओळी.
मार्च, दोन हजार तेरा.

नियमाप्रमाणे तो इथेच राहणार,
या सर्व्हरमध्ये, ज्याचा पंखा हल्ली
खोकत खोकत फिरतो
आणि ज्याला मंगळवारी
भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय.

आराखड्यात मी एक ओळ वाढवली:
अपवाद, अनुक्रमांक त्रेचाळीस.
कारणाच्या रकान्यात बराच वेळ
कर्सर लुकलुकत राहिला.
मग लिहिलं,
चालशे.