गव्हर्नर

वादळात काही झालं नाही.
ते आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात.
आंजर्ल्यासमोर जाळं पंख्यात गुंतलं तेव्हा
मी इंजिनाच्या खणात उलटा लटकलो होतो,
वर तांडेल दर्याला शिव्या घालत होता,
आणि माझं काळीज चाललं होतं
भिंतीवरच्या घड्याळासारखं.

झालं ते तीन दिवसांनी.
बोट हर्णैच्या बाहेर नांगरलेली,
पोटात गरम भात, बांगड्याचं तिखलं,
पाणी तेलासारखं सपाट.
सोळाचा पाना खाली पडला, तो उचलायला वाकलो.
एवढंच. वाकलो.

आणि आतून कुणीतरी रेस ओढून धरली.

हळूहळू चढलं, असं नाही.
एका ठोक्याला सत्तर, पुढच्याला एकशे नव्वद,
मधली पायरीच नाही.
गळ्यात बेडूक. शर्ट हलताना दिसत होता.
मी भ्यालो नव्हतो, हे कुणाला पटत नाही.
भीती मागून आली, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी,
आणि मग तिनेही हात धुऊन घेतले.

दापोलीच्या खोत डॉक्टरीणबाईंनी
कागदावर माणूस काढला, मान जरा लांबच झाली.
म्हणाल्या, मेंदूकडून हृदयाकडे दोन वाटा येतात.
एक म्हणते पळ, दुसरी म्हणते दम धर.
वादळात पहिली जागी, जेवून सुस्तावलात की दुसरी.
दोघींची पाळी बदलताना एखादा ठोका चुकतो,
आणि तुमच्या हृदयात जन्मापासून एक जास्तीची वायर आहे,
तिच्यात तो सापडतो,
गोल फिरतो, फिरतच राहतो.

मी म्हटलं, बाई, गव्हर्नर.
त्या म्हणाल्या, काय?
डिझेल कितीही येऊ दे, मशीनला आवरून धरतो तो.
तो अडकला की इंजिन स्वतःच्याच वेगाने फाटतं.
त्या हसल्या. त्या लांब मानेशेजारी
पेनाने लिहिलं: गव्हर्नर.
कागद माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

वर एक बिनसुईची सिरिंज दिली.
फुंका, दट्ट्या हलेपर्यंत. मग आडवे व्हा, पाय वर.

दुसऱ्यांदा आलं ते लिलावात.
सुरमईची बोली रंगात, सिरिंज बोटीवर.
मी ओल्या वाळूत बसलो. बोली कुणासाठी थांबत नाही.
द्वारकी चोगले, जिच्याशी माझं सात वर्षं बोलणं नाही
(तिच्या होडीच्या उधार नोझलवरून),
तिने पाहिलं. तिच्या बापाला असंच व्हायचं,
हे मला मागाहून कळलं.
एक शब्द न बोलता तिने माझं मुंडकं धरलं
आणि बर्फाच्या पेटीत बुडवलं.

वितळलेला बर्फ, खवले, कोळंबीच्या मिशा.
डोळ्यांवर, नाकाच्या दोन्ही अंगांना ते गार पाणी बसलं
आणि कपाळामागे कुठेतरी
फार जुनं काहीतरी उठलं,
माणूस होण्याआधीचं,
पाण्याखाली जाताना काय काय विझवायचं
हे ज्याला ठाऊक होतं.
त्याने मानेतून खाली हात घातला.

लिलाव नाही. काळीज नाही.

मग
ठोका.

मग, बऱ्याच वेळाने, दुसरा.

“बसलं काय?” द्वारकी म्हणाली.
बसलं.
“माझा बरफ नासवलास. वीस रुपये.”

दिले. नोझलचं अजून कुणी काढलेलं नाही.
पुण्याला ती वायर जाळून देतात म्हणे, तारीख मिळालीय.
तोवर रात्री डेकवर पडतो,
जबड्याखाली दोन बोटं ठेवतो.
श्वास आत घेतला की ठोके जरा जवळ सरकतात,
सोडला की लांब.
घड्याळासारखं म्हणालो होतो ना, ते चूक.
तीस वर्षं इंजिनं ऐकली, हे ऐकलं नव्हतं:
नांगराचा दोर पाण्यात असतो तसं,
ताणतं,
सैल पडतं.