उलटा निरोप

ॲबरडीन, डिसेंबर. साडेतीनलाच अंधार.
मायक्रोस्कोपखाली उंदराची पांथरी,
हिरवे चमकणारे ठिपके: या पेशी
कुणाच्या तरी 'पुरे'ची वाट बघत बसल्यात.

रेणूचं नाव आनंदावरून ठेवलंय.
इशबेलला उच्चार शिकवताना
'आ' करायला सांगितलं, दातांच्या डॉक्टरसारखं.
ती हसली. मग हातमोजा निघेना तिचा.
सांधे सुजलेले;
स्वतःचंच सैन्य घरात घुसलेलं.

मज्जातंतूंत हा निरोप उलटा जातो:
ऐकणारा बोलणाऱ्याला थोपवतो.
शरीर तो साठवून ठेवत नाही,
फोडणीसारखा ऐन वेळी करतं,
लगेच मोडूनही टाकतं.

एवढं मला पाठ आहे.

मी एकेक बोट सोडवत
तिचा हातमोजा ओढला.
"हळू,"
ती म्हणाली.