पाचर

वीस वर्षं मी मथळे लिहितो.
'अतिक्रमणावर हातोडा'
माझ्या हातून किती वेळा गेला, मोजलेलं नाही.
जागा कमी असली की 'हातोडा पडला',
जास्त असली की 'अखेर हातोडा पडलाच'.
सभागृहात कुणी आवाज चढवला की 'घणाघात',
आणि पाणीपट्टीचा प्रश्न दर मार्चला 'ऐरणीवर'.
डेस्कवर ऐरण कुणी बघितली होती?
मी बघितली होती.
पण ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नव्हती.

माझा मामा, भैरू सुतार, उद्यमनगरात दांडे बसवायचा.
फक्त दांडे.
चार पत्रे, एक वासा, बाभळीचा ढीग,
आणि बिनदांड्याची मुंडकी रांगेनं मांडलेली.
सुट्टीत मला तीच खेळणी.
फिटरची बॉलपिन, एकीकडं सपाट, दुसरीकडं लिंबाएवढी गोल;
नखवाली, जी ठोकते
आणि आपणच ठोकलेलं उपटतेही;
पाथरवटाची आखूड, चौकोनी, अबोल.
गुजरीतून यायची एक, एवढीशी,
तिचा दांडा मामा श्वास धरून तासायचा.
"हिच्या शंभर टिचक्या," म्हणायचा,
आणि घणाला पायानं ढोसून, "ह्येचा एक."
मग थोडं थांबून:
"पण नथ ह्येच्यानं हुईल काय रं?"

तांबटाची मोगरी आली की नुसता बघत बसायचा.
डोकं आणि दांडा एकाच झाडाचे.
"हिच्यात भांडण न्हाई."

बाकी सगळ्यांत असतं.
लोखंड आणि लाकूड एका भोकात सुखानं नांदत नाहीत.
उन्हानं दांडा आकसतो, मुंडकं खुळखुळतं,
म्हणून दांड्याच्या टोकाला चीर,
चिरेत पाचर,
वरून ठोका.
हातोडीत पाचर मारायलाही हातोडीच लागते
हे मला आठव्या वर्षी फार विनोदी वाटलं होतं.
मामी म्हणायची, जन्मभर पाचरा मारल्या ह्यांनी,
पण कुणाच्या कामात एक न्हाई मारली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी महापालिकेची गाडी आली.
वार्ताहर रजेवर, म्हणून वही घेऊन मीच.
चहाचा गाडा गेला.
पंक्चरवाल्याचा पत्रा गेला.
मामाच्या खोक्यापुढं एका पोरानं घण उचलला
आणि मामा म्हणाला, "थांब."
साहेबांना वाटलं, हा आता आडवा पडणार.
पोलीस दोन पावलं पुढं आला.

"घण ढिला हाय तुझा.
मुंडकं सुटलं तर मागच्याच्या कपाळात जाईल."
मागं मी उभा होतो.

मामानं घण हातात घेतला, हलवला, कानाशी नेला.
"दांडा माझाच. सा वर्सं झाली."
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात.
घणाच्या दांड्याबद्दल म्हण नाही.

पाचर सापडायला वेळ लागला,
सामान पोत्यात भरून झालं होतं.
सगळे उभे.
डंपरवाल्यानं इंजिन बंद केलं.
दोन ठोके. तिसरा हलका, कान देऊन.
मग घण बादलीत बुडवून धरला,
लाकूड फुगावं म्हणून.
"हां. आता मार."

पोरगं घण घेऊन उभंच.
"किती द्यायचं?"
"वीस."
त्याच्या खिशात दहाच निघाले,
उरलेले साहेबांनी दिले.

मग पत्रा पडला.
तो आवाज मी आधी कधी ऐकलाच नव्हता.

रात्री मथळा टाईप केला: 'उद्यमनगरात अकरा खोकी हटवली'.
संपादक म्हणाले, "धार नाही ह्याला. हातोडा कुठाय?"
मी म्हणालो, "हातोड्याला धार नसते, सर."
त्यांनी बदललाच.
छापून आला तो नेहमीचा.

सकाळी मामीचा फोन.
मामा ओट्यावर बसून वही लिहीत होता म्हणे.
मंगळवारच्या पानावर एकच ओळ:
महापालिका, घण, पाचर एक,
रोख.