पन्नास हर्ट्झ

बर्डीवरच्या दुकानात, काचेआडच्या गारव्यात
डेकाटे नावाच्या पोरानं आम्हाला सोफ्यावर बसवलं
आणि दिवे मालवले.
डावीकडून हेलिकॉप्टर आलं, डोक्यावरून गेलं,
उजवीकडे कुठेतरी पडलं.
“काका, कसा फिरून राहिला पाहा आवाज!”
बाबा मान हलवत होते,
हेलिकॉप्टर डोक्यावर येईपर्यंत.

उजवा कान कोराडीलाच राहिला,
टर्बाइन हॉलमध्ये, एकतीस वर्षांच्या पाळ्यांत.
कानात घालायचे बोळे मिळत,
ते खिशात ठेवायचे.
म्हणायचे, मशीन बिघडायच्या आधी बोलते,
ऐकाले नको का?

हॉल केवढा आहे?
दहा बाय चौदा, करुणा म्हणाली.
भिंत पक्की की प्लायची? खिडकी कुठे?
खिडकीत कूलर आहे, मी म्हणालो.
डेकाटे पहिल्यांदा गप्प झाला.
नागपूरचाच पोरगा, त्याच्याही घरी असणार
तो पत्र्याचा, तीन ताट्यांचा.
मार्चअखेर बसवला की मृग लागून जाईपर्यंत
घरात कोणी कुजबुजत नाही.
भांडायचं तर आतल्या खोलीत जावं लागतं,
आणि बातम्या बेचाळीसवर.

“मग वॅट वाढवा न,” तो म्हणाला.
पाच स्पीकर, सात स्पीकर, छताला दोन वेगळे.
पावतीच्या मागे त्यानं आमचं घर काढलं,
एक चौकोन आणि त्यात बारके चौकोन.
मागच्या उजव्या कोपऱ्यातला
बरोबर बाबांच्या खुर्चीशी,
बरोबर त्या कानाशी.
साडेसात हजारांचा तो कोपरा
मी मनातल्या मनात खोडला.
मग लाज वाटली.
मग परत हिशेब केला.

करुणाला आवाजाचं काही नव्हतं, पडदा मोठा हवा होता,
ओट्यापाशी पोळ्या लाटताना
खालच्या ओळी दिसतील एवढा.
तेव्हा मला कळलं
की सहा उन्हाळे ही सिनेमे वाचत आली आहे.

बाबा उठले. कोणाला न विचारता
जमिनीवरच्या काळ्या पेटीपुढे उकिडवे बसले.
सबवूफर, डेकाटे म्हणाला, त्याच्यात नुसता खर्ज असते, काका.
त्यांनी वर तळहात ठेवला,
बेअरिंगवर ठेवतात तसा, बोटं न दाबता.
“कमी कर थोडा. अजून. हां, राहू दे.”
डोळे मिटलेले.
“पन्नास हर्ट्झ. तीन हजार फेरे.
चढलं युनिट.”
पडद्यावर कोणी माणूस स्टेशनात
एका बाईचा निरोप घेत होता.
डेकाटेनं माझ्याकडे पाहिलं, मी पडद्याकडे.

घेतलं शेवटी. दोन उभे स्पीकर, ती पेटी,
पंचावन्न इंच, बारा हप्ते.
मागच्या कोपऱ्यापर्यंत वायर तेवढी ओढून ठेवली,
लागलीच कधी तर.
टोक अजून तिथे लोंबतंय, त्याला टेप गुंडाळलाय.

रविवारी दुपारी, बाहेर सेहेचाळीस,
करुणा पदरानं कपाळ पुसते, म्हणते, आता.
मी कूलर बंद करतो.
पंप दोनदा गुरगुरतो, ताट्यांवरून पाणी उतरतं, थांबतं.
आधी ऐकू येतो तो शेजारच्या ठवकरांचा कूलर,
मग त्याच्याखालून, हळूहळू, सिनेमा.
वीस मिनिटं. फार तर पंचवीस.
तोवर बनियन पाठीला चिकटतं.

बाबा अनवाणी पाय पेटीला टेकवून बसतात.
परवा मध्येच म्हणाले,
“बेअरिंग घासून राहिलं.”
मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकलो,
बाबा, ती रडतेय.
“हो,” ते म्हणाले, “तेच.”

करुणा कूलर लावायला उठली होती,
बटणापाशी तशीच उभी राहिली.