एक वैशाख

गोरे गेले तेव्हा किनाऱ्याला वेगळा देश मिळाला,
दिल्लीला वेगळा,
आणि वर्धा नदीपासून वैनगंगेपर्यंतचा हा आम्हाला.
नाव नंतर ठरणार होतं. झेंडा आधी हवा होता,
सीताबर्डीच्या किल्ल्यावरची काठी
तीन आठवडे नुसतीच उभी होती.

समितीनं मलाही बोलावलं,
झिंगरू पराते, रंगारी, गोळीबार चौक.
बॅरिस्टर वझलवारांना नाग हवा होता, फणा काढलेला.
मडावी मास्तर म्हणाले, नाग ठेवा,
पण तो आधी कोणाचा, ते खाली लिहा.
लिहिलं तर मागून उलटं दिसेल,
कामठीचे हाफिजभाई म्हणाले, आणि सगळे गप्प झाले.
देशाला पाठ असते
हे तोवर कुणाच्या ध्यानात नव्हतं.

एकानं संत्रं सुचवलं.
"ते सोलतात," मास्तर म्हणाले. विषय संपला.

मग रंग. शौर्याचा, त्यागाचा, पिकाचा.
मी म्हटलं, अर्थ तुम्ही लावा जी,
मले फक्त एक वैशाख द्या.

अकरा चिंध्या रंगवून तारेवर बांधल्या, पत्र्याच्या वर.
सारजा भर दुपारी कपाळावर हात धरून बघायची,
खालून ओरडायची,
"तुमचा त्याग उडाला जी!
शौर्य बी पिवळं पडून राह्यलं!"
पीक आठव्या दिवशी गेलं.

मृगाच्या आधी दोनच उरले:
एक निळा, उतरवलेल्या झेंड्यातून कापलेला.
हाफिजभाईंनी तो बोटांत चोळून पाहिला.
नीळ आपली, सूत इथल्याच गिरणीचं,
शिवण तेवढी त्यांची.
दुसरा काथाचा तांबूस,
लुगड्याच्या काठाचा, रोजचा,
ज्याला कुणी अर्थच दिला नव्हता.

मतं समसमान पडली.
वझलवार बराच वेळ चष्मा पुसत बसले.
"निळा पाहिला," ते हळूच म्हणाले,
"की माझा हात अजून आपोआप कपाळाकडे जातो."

काथ ठरला.
वाऱ्याकडची कड मी तिहेरी दुमडली,
झेंडा फाटतो तो तिथूनच.
अर्थासाठी वेगळी समिती नेमलीय,
तिची बैठक चालू आहे.

विटलेल्या नऊ चिंध्यांचं सारजानं
नातवाला दुपटं शिवलं.
पहिल्याच रात्री तो त्यावर मुतला.
सकाळी धुऊन त्याच तारेवर टाकलं.
रंग जायची भीती नव्हती.