दीड ओळ

फॉर्म चाळीस पानांचा होता.
झोप किती, दारू किती, कर्ज किती,
बायको सोडून गेली का, गेली तर कोणत्या महिन्यात.
आणि अगदी शेवटी, "कारण (आपल्या मते)".
त्यासाठी दीड ओळ.

नाव कुठंही लिहायचं नाही, अशी ताकीद होती.
नुसता क्रमांक.

हिएतायार्वी तळ्याच्या काठचं शेवटचं घर. मार्च, उणे बावीस.
ट्यूनेने दार उघडलं ते इस्त्रीचा ॲप्रन बांधून.
टेबलावर वेलचीचा पाव, तीन तऱ्हेची बिस्किटं
आणि पाच कप.
सरकारी माणसं येणार म्हणजे घोळका येणार, असं तिला वाटलेलं.
मी एकटीच, म्हटल्यावर
तीन कप तिने एकेक करून फडताळात परत ठेवले.

नवरा हृदयविकाराने गेला तेव्हा
अख्खं गाव लोटलं होतं, ती म्हणाली.
बटाट्याच्या भाजीचं कुठलं भांडं कुणाचं,
ते ओळखून पोचतं करण्यात आठवडा गेला.
राइमो गेला तेव्हा
परत करायला एक भांडं नव्हतं.

आता मी दुकानात शिरले
की वजनकाट्याची टिकटिक ऐकू येते.
पाद्री आला होता. हवेबद्दल बोलला.
एकीने मायेनं हात धरला आणि विचारलं,
तू आई ना, तुला कसं गं कळलं नाही?

मी पानं उलटत गेले.
लाकडाचा कारखाना बंद पडला, त्याला वर्ष झालं. मग तेच का?
"तसं असतं तर त्या पाळीतले एकशेसाठ जण..."
तिने वाक्य तिथंच सोडलं.
दारू? होती. बापालाही होती, तो एकाहत्तर वर्षं जगला.
स्वीडनला गेलेल्या मिर्याचं पत्र यायचं होतं.
पाठ दुखायची. रात्रभर दिवा.
ऑक्टोबरात डॉक्टरकडे गेला, पाठ दुखते म्हणून.
डॉक्टरने पाठ तपासली.
"आणि अंधार?" फॉर्ममध्ये होतं, म्हणून विचारलं.
ट्यूने पहिल्यांदा हसली.
अंधार इथं सगळ्यांना सारखाच वाटून येतो.

यातलं एकेक ओझं त्याने आधी उचललेलं होतं.
या खेपेला सगळी एकदम आली.
आणि हाक मारायची आमच्याकडे रीत नाही;
बर्फात गाडी रुतली तर माणूस एकटा खणत बसतो,
शेजारी पडद्याआडून बघतो,
मदतीला गेलो तर त्याला कमीपणा वाटेल, म्हणून.

"कुणी विचारलं असतं, तर बोलला असता?"
हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.
बराच वेळ ती पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली.
"चार महिन्यांत विचारणारी तू पहिली.
तेही मला."

निघताना तिने बाही धरली.
तुझ्या यादीत इथलं आणखी घर आहे?
सांगायची परवानगी नाही, मी म्हटलं.
आणि बूट चढवता चढवता
खिडकीतून तळ्यापल्याड पाहिलं. जरा जास्तच वेळ.
तिथं लेम्पीचा दिवा लागलेला होता.
चूक केली, की नाही,
साहेबांना मी आजवर सांगितलेलं नाही.

दीड ओळीत मी काय लिहिलं, ते आता आठवत नाही.
समासात भांड्यांचं लिहिलं होतं.
ते कुणी मोजलं नसणार.

एप्रिलमध्ये त्याच रस्त्याने परतले.
तळ्यावर, या घरापासून त्या घरापर्यंत,
स्कीच्या दोन रेघा.
एकदा गेल्याच्या नव्हत्या, चांगल्या खोल, रुळलेल्या.
मध्ये एके ठिकाणी थांबल्याची खूण,
म्हातारी गुडघी टेकावीत तशी.

मे महिन्यात बर्फ फुटतं.
मग काठाकाठाने बारा किलोमीटर.
तिच्याकडे नाव आहे का,
हे विचारायचं राहून गेलं.
वल्ह्यांची, लाकडाची.
दुसरं होतं माझ्याकडे,
ते लिहायचं नव्हतं.
राइमो.