पालथा माणूस

आठवी ब. प्रदर्शनाला अकरा दिवस.
नेर्लेकर बाईंनी फळ्यावर पहिलं विमान काढलं,
आम्हाला वाटलं बाजलं. दोन बाजली,
एकावर एक, मध्ये काठ्या.
"चाकं कुठायत?" "नव्हती."
"मग बसायचं कुठं?" "बसायचं नाही.
खालच्या पंखावर पालथं झोपायचं."
मागून अफजल, "आमचा दाजी रोज धापर्यंत उडतोय की."

कामट्या उज्ज्वलाच्या आईनं दिल्या,
सुपाला देते तसा बाक देऊन.
पंखांचं कापड गुऱ्हाळावरचं, ढेपेच्या साच्यातलं,
चार वेळा धुतलं
तरी मुंग्यांना पत्ता पाठ होता.
एवढी बारीक साखळी उद्यमनगरात मिळेना,
मग ऋतुजाचं तुटलेलं हुपरीचं पैंजण.
पंखा फिरवला की
वर्गात कुणीतरी चालत आल्यासारखं वाजायचं.

माणूस तेवढा राहिला होता.
तो विश्वास कुंभारनं आणला शाहूपुरीतून,
रात्री जागून, शाडूचा.
टोपी साहेबाची, डोळे गणपतीचे.
त्याच्या हातातून दुसरे डोळे निघतच नव्हते.
खालच्या पंखावर ठेवला
आणि विमानानं नाक टेकलं.
"बाई, देव जड झाला."

मग विश्वास दोन दिवस त्याला पोखरत बसला,
पोटाकडून, दाभणानं, इतिहासाच्या तासालाही.
पाठ पापडाएवढी राहिली.

"बारा सेकंद उडालं होतं," बाई म्हणाल्या,
"फक्त बारा."
आम्ही श्वास धरून मोजून बघितले.
फक्त नव्हते.

शेवटच्या संध्याकाळी गच्चीवर
वाळवायला नेलं रंग द्यायच्या आधी.
उडवायचं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.
रंकाळ्याकडून वारा आला.
कुणी सोडलं, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.
एक.
दोन.
तीन म्हणताना ते भिंतीच्या वर होतं, खरंच वर,
पैंजण वाजत होतं,
चारला तालमीच्या कौलांवर.

वस्ताद स्वतः शिडी चढले, कौलं करकरली.
एक पंख मोडलेला. शेपूट गायब.
आम्ही खाली, माना वर, कुणी बोलेना.
विश्वासनं विचारलं, "माणूस?"
वस्तादांनी वाकून पन्हळीत बघितलं.
बराच वेळ बघितलं.
"पालथा हाय की.
पाठ कुठं लागलीया?
कुस्ती सुटली न्हाई अजून."